घरात असून नसलेले रविवार

आई, आज दुपारी जेवता जेवता लेकीने विचारलं, आपणही बाहेरच्या देशात जायची तयारी करून ठेवायची का, इथलं काही खरं नाही. माझा घास हातातच राहिला. जेवण आटोपलं, आणि आता तुला लिहायला बसलेय.

आठवतं ना, त्या वर्षी गिरण्यांचा संप लांबला होता, बाबांची मिल काही उघडेना. घाटकोपरच्या आपल्या खोलीत रोज तेच बोलणं. ह्या देशाची पार वाट लागली, बाबा म्हणायचे, शिकलेली पोरं नाक्यावर उभी आहेत, आपल्या पोरांना इथं काय मिळणार? तू मुलुंडच्या इस्पितळात नर्स, आणि तिथली तुझी एक मैत्रीण कुवेतला नोकरीला गेलेली. मग तुमचं दोघांचं ठरलं. दिवाळीपर्यंत मिल उघडली नाही तर तू पुढे जायचं, बस्तान बसलं की आम्हाला बोलवायचं. चाळीत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आणि तू आमची तुझ्याशिवाय राहायची तालीम सुरू केलीस. सुट्टीच्या रविवारी तू खाटेवर बसायचीस आणि तू घरात नाहीसच असं आम्ही धरून चालायचं. मी दहावीतली, धाकटा नुकता शाळेत जायला लागलेला. कालवणात कोकमं किती टाकू म्हणून विचारते, तर तू भिंतीकडे बघतेस. ते आंबटढाण कालवण सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं, तूसुद्धा. सोमवारी मात्र सगळं समजावून सांगायचीस, माझी नक्कल करून हसवायचीस. मलाही गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी धाकटा तापाने फणफणला. तो तुझ्याकडे हात करून रडतोय आणि तू पदर मुठीत धरून खाटेवर बसलेली. रोज परक्यांचे ताप उतरवणारी बाई! बाबांना राहवेना. "अगो, पोराक बघ तरी," ते म्हणाले. तू हलली नाहीस. मी तुझ्या पायाशी येऊन बसले, काय करू ते सांग म्हणून विनवलं. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "मी नाहीये इथं. कुणाला विचारतेयस? कर."

केलं मी. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, अंग पुसलं, पेज भरवली. तुझा इतका राग आला होता की तुझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी ताप उतरला आणि तो माझ्या मांडीवर झोपला. तू मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलीस.

दिवाळी आली, मिल उघडली नाही. पण बाबांना छातीचं दुखणं लागलं, त्यांना टाकून कशी जाऊ म्हणून तूच नकार कळवलास. पुढे त्या बेताचा विषय कुणी काढला नाही.

धाकटा मात्र त्यानंतर जरा बरं वाटेनासं झालं की मलाच हाक मारायचा. एकदा तू ड्युटीवरून धावतपळत आलीस, थर्मामीटर झटकलास, तर तो म्हणाला, "तू नको, ताई हवी." तू थर्मामीटर माझ्या हातात दिलास आणि भात टाकायला गेलीस. कुवेत राहिलं बाजूला, तू घरातच परकी झालीस.

तू आता या जगात नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? इथंच राहील. पण तो "ताई" म्हणाला ना, तेव्हा मला तुझ्यासाठी वाईट वाटलं नाही गं, आई. बरं वाटलं.