गोकुळ कोणावर गेला

९ जुलै २०२५

सिद्धी आली होती. गावातल्या दुकानवाल्या चंपालालशेठची नात. पुण्याला आतड्याच्या कॅन्सरवर संशोधन चालतं, तिथे काम करते. आमचा गोकुळ त्याच कॅन्सरने फेब्रुवारीत गेला; तो असताना त्याचं रक्त तिनेच नेलं होतं. त्यात एक बदल सापडला म्हणाली. जन्मापासूनचा.

"काका, असा बदल बहुतेक वेळा आईकडून येतो, नाहीतर वडिलांकडून. तुमचं दोघांचं रक्त तपासलं तर कळेल."

कळून गोकुळ परत येणार नाही. माझ्या मनातलं तिने ओळखलं असावं. म्हणाली, ज्या बाजूने आला त्या बाजूच्या माणसांना वेळेवर तपासता येईल. आतड्यात काही लवकर सापडलं तर काढून टाकता येतं.

इंद्रायणी आतून ऐकत होती. पोरीला चहा द्यायचा राहिला. आमच्या घरी असं होत नाही.

१० जुलै

इंद्रायणी रक्त द्यायला तयार नाही. "मला म्हायती हाय कुनाकडनं आलं ते. कागुद कशाला पायजे?"

तिचे वडील पोटाच्याच दुखण्याने गेले. गोकुळच्या दहाव्याला माझा भाऊ बहिरू चार माणसांत बोलला, "वैनीच्या म्हायेरचं दुखनं हाय हे." ती तिथेच बसली होती. तेव्हापासून तिने ते खरं धरलंय.

मलाही तसंच वाटतं. गोकुळ सगळाच तिच्यावर गेला होता. कपाळ, कान, डावखुरा हातसुद्धा. बारशाला माझी आई म्हणाली होती, "पोरगं समदं आईवर गेलंय. आमच्या चिमाजीचं नखसुद्धा न्हाई त्याच्यात." सगळे हसले होते. मीही.

१३ जुलै

भाताची आवणी झाली. दर वर्षी गोकुळ चाकणच्या कंपनीतून रजा काढून यायचा. डाव्या हाताने रोपं लावायचा, त्यामुळे त्याची ओळ उलटीकडून चालायची. बायका चिडवायच्या — ह्याची बायको पण उलटीकडून येनार. लग्न लांबतच गेलं. सदतिसावं लागलं होतं.

यंदा सगळ्या ओळी सरळ.

१९ जुलै

इंद्रायणीचा भाऊ सावळेराम डोंगरातून आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दाजी, माज्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. तुमी रगत तपासनार, त्यात आमच्या घराचं नाव निघनार. मग कोन येईल बघाया?"

मी म्हटलं, नाव कोणाचं निघत नाही, आजार कळतो.

"तुमी लाइटीच्या आफिसात व्हता, तुमाला कागदाचं लई. आमाला लोकांत राहायचंय." उठताना बहिणीला म्हणाला, "अक्का, भाच्यासंगं म्हायेर पन जाळू नको."

तो गेल्यावर तिने त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या आत नेला.

२० जुलै

सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "बोलवा त्या पोरीला. लवकर कळलं तर काढत्यात म्हनली ना ती? सावळ्याच्या पोरींचं तरी काढतील."

२४ जुलै

रक्त दिलं दोघांनी. शौचाच्या नमुन्यासाठीही एकेक डबी दिली सिद्धीने, झाकणाला चमचा असलेली. इंद्रायणी डबीकडे बघत राहिली. "शेटजीच्या दुकानात आमी जन्मभर मापून घेतलं. आता नात आमचं मापून न्हेती." सिद्धी इतकी हसली की इंद्रायणीलाही हसू आलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

मी विचारलं, हे कशाला? सिद्धी म्हणाली, हा बदल असूनही काही माणसं म्हातारपणापर्यंत धडधाकट राहतात. का, ते पुरतं माहीत नाही. पोटात कोट्यवधी जंतू असतात, त्यांचा काही हात आहे का ते बघतोय. आम्ही काय खातो ते सगळं लिहून घेतलं. भात, नाचणी, हुलगे.

"त्यो क्यांटीनचं खायाचा," इंद्रायणी म्हणाली. "मी इथनं भाकऱ्या धाडल्या असत्या तर?"

"मावशी, असं एका गोष्टीवर सांगता येत नाही," सिद्धी म्हणाली. मग चहा झाला. तिने दोन कप घेतले.

२९ जुलै

पंचमी. इंद्रायणी माहेरी गेली नाही. बोलावणंही नव्हतं.

९ ऑगस्ट

सावळेराम राखीला आला नाही. तिने राखी आणून ठेवली होती. संध्याकाळी देवाच्या फळीवर ठेवून दिली. मला म्हणाली, "तुमी तरी मला काय बोलत न्हाई?"

काय बोलू? तुझ्याकडून आलं तरी तू दिलं नाहीस — एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. जेवायला वाढ म्हणालो.

१७ ऑगस्ट

दाढी करताना गोकुळचा फोटो आरशाला टेकवून ठेवला. कंपनीच्या ओळखपत्रातला. भुवया बघितल्या, नाक, हनुवटी. तो लहान असतानाही मी असं बघायचो, कोणाला कळू न देता. चालणं तरी, आवाज तरी. काहीतरी माझं असावं असं वाटायचं.

नाही सापडलं. फोटो पुसून जागेवर ठेवला.

१६ सप्टेंबर

सिद्धीचा फोन आला. इंद्रायणीच्या रक्तात तो बदल नाही. माझ्यात आहे. "काका, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, तुम्हाला काही त्रास नाही, तरी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि तुमचा नमुना आम्हाला परत लागेल."

इंद्रायणीला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, नीट ऐकलं ना? मग सावळेरामला फोन लावला, माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा." सांगितलं. उद्या बहिरूला आणि त्याच्या पोरांना सांगायचं आहे.

आई म्हणायची, चिमाजीचं नखसुद्धा नाही त्याच्यात.

होतं.