तो खडक मी होते

जुने पनवेल,
९ जुलै १९९१

चि. इंद्रजीत यास,

परवा रविवारी, ७ जुलैला, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन तू भर सभागृहात सख्ख्या बहिणीवर अन्याय केलास. तरीही अनेक आशीर्वाद. कंबर कशी आहे? (शेजारच्या गल्लीत राहून पत्र कशाला, असं विचारू नकोस. मी तुझ्याशी बोलत नाही.)

"मी बर्फाच्या भेगेत पडलो, पण सुदैवानं दोर एका खडकात अडकला," असं तू माइकवर सांगितलंस. लोकांनी खडकासाठी टाळ्या वाजवल्या. अरे, त्या हिमनदीवर नजर पोचेल तिथवर नुसता बर्फ होता. तो खडक मी होते! आपट्याहून मुद्दाम आलेली शकूमावशी माझ्या कानात म्हणाली, "अगो सुमती, मग त्या खडकाला एक नारळ तरी द्यायचा!"

आपल्या गिर्यारोहण क्लबच्या हिमालय मोहिमेची आठवण करून देते. दोराच्या मधोमध वजनदार माणूस हवं, असं चारचौघांत सांगून तू मला मधे बांधलंस. पुढे तू, मागे गव्हाणचा काशिराम. तिसऱ्या दिवशी तुला क्लबच्या बॅनरचा फोटो काढायची हुक्की आली. (हिमालयात जाऊन पनवेलकर आधी बॅनर सोडतो, मग श्वास.) म्हणालास, "ताई, तू जरा बाजूला बस, तुझ्यामुळे 'पनवेल' झाकलं जातंय." मी बसले. टाचा बर्फात रोवून, बर्फाची कुऱ्हाड दांडा बुडेपर्यंत खुपसून, तोंड फिरवून बसले. सगळे फ्रेममध्ये मावेनात म्हणून तू मागे मागे सरकत गेलास आणि दिसेनासा झालास.

दोराला हिसका बसला. मी तसूभर हलले नाही. कॉन्व्हेंटमधल्या नन्सना मला बाकावरून उठवता आलं नव्हतं, तिथे तुझं काय! काशिराम ओरडत होता, "बाई, उठू नका! हाय तशाच रागात बसा!" सगळ्यांनी ओढून तुला वर काढलं, तेव्हा तुझा पहिला शब्द होता, "कॅमेरा?"

त्यानंतर कंबर धरून तू मागे चाललास आणि पुढची जागा मला मिळाली. हिमनदीच्या पलीकडच्या काठावर पहिलं पाऊल माझं पडलं, इंद्रजीत. साठाव्या वर्षी! शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा मला एवढं उंच वाटलं नव्हतं.

आणि आता माझं नावही नसलेलं तुझं भाषण ऐकून क्लबचे अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षीपासून मोहिमेत पंचावन्नच्या वरच्या बायका नकोत, सांभाळाव्या लागतात. कुणी कुणाला सांभाळलं, ते रविवारी, २१ तारखेला समितीची बैठक भरण्याआधी तू त्यांना सहीनिशी कळवायचं आहेस. खरं तेच लिही, एक अक्षर इकडे तिकडे नको.

तुझी,
सुमतीताई

ता. क. मी रुसून बसले होते, हे मात्र लिहू नकोस. 'प्रसंगावधान राखून बसल्या' असं लिही.

ता. क. २ पुढच्या वर्षी दोराच्या पुढच्या टोकाला मी. मधे तू. वजन तुझंही काही कमी नाही.

ता. क. ३ अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राची नक्कल आणि मला वेगळं लेखी उत्तर, दोन्ही शनिवारी, २० तारखेला दुपारी बाराच्या आत माझ्या हातात हवीत. तोंडी माफी मागायला आलास तर दार उघडणार नाही, आणि बारा वाजून गेले तर बैठकीत माइक मी घेईन.