कापेल त्याने शेवटी उचलावे

मी खाली सही करणार, बॉम्बफेकी विमानाचा माजी नेव्हिगेटर, माजी युद्धकैदी, सध्या भूगोलाचा मास्तर, सर्वप्रथम नमूद करतो की, ज्या टेबलावर हे मृत्युपत्र लिहीत आहे त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली मी घालतो ती पुठ्ठ्याची घडी झाडूवाली रोज कचरा समजून नेते. सबब अक्षर उताराला लागलेले दिसल्यास तो माझ्या मेंदूचा दोष मानू नये. मी पूर्ण शुद्धीवर आहे. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, राहिलेली कामं उरकून घ्या," म्हणून लिहितो. दबाव कोणाचाही नाही. टेबल मात्र मला दाबून धरावे लागत आहे.

कलम एक. हे लिहितेवेळी मी जिवंत आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मला मयत ठरवण्याचा एक प्रयत्न होऊन गेला आहे. आमचे विमान परतले नाही तेव्हा लष्कराने 'बेपत्ता' असे कळवले. धाकट्या भावाला तो शब्द अपुरा वाटला. त्याने अर्ज लिहिला : थोरला भाऊ मयत, सबब घर माझ्या नावे करावे. त्यावर मधल्या बहिणीची सही हवी होती.

"ताई, सही कर. किती वाट बघायची? गेला तो."

"जायचंच असतं तर माझ्याशी भांडून गेला असता," ती म्हणाली. "न भांडता दादा कुठे जात नाही."

छावणीतून माझे पहिले पत्र येईपर्यंत अर्ज सहीवाचून पडून राहिला. त्यामुळे मी परतलो तेव्हा घर माझे होते. घरातल्या वस्तूंबद्दल असे म्हणता येणार नाही. चांगले टेबल भावाकडे आहे.

कलम दोन. आमचे वैमानिकसाहेब. हल्ली ते शाळाशाळांतून शौर्यावर बोलतात. त्या सकाळी मी त्यांना सांगितले होते, "अजून पुढे जायचंय. खाली नुसती शेतं आहेत."

"शेतं तर शेतं! टाका आणि वळा!"

टाकले, वळलो, आणि वळतानाच खालच्या तोफेने आम्हाला गाठले. छत्र्या घेऊन आम्ही उड्या मारल्या आणि सरळ शत्रूच्या हाती पडलो. शेपटीकडच्या मशीनगनवाल्याला उडी मारता आली नाही. साहेबांच्या भाषणात चूक नेव्हिगेटरच्या गणिताची असते आणि मशीनगनवाला मुळी नसतोच. साहेबांना मी माझे होकायंत्र देतो. एकदा व्यासपीठावर चढले की उतरायची दिशा त्यांना सापडत नाही, असे ऐकतो.

कलम तीन. माझी पावसाळी छत्री मुख्याध्यापकांना. ती त्यांच्याकडेच आहे. आता कायदेशीर होईल.

कलम चार. घर. हेच खरे कलम, बाकी सगळी वळणे. बहीण याच घरात राहते आणि तिला दुसरे छप्पर नाही. मी सगळे तिच्या नावे करणार होतो. तीच नको म्हणाली.

"त्यालाही दे रे दादा. आपलाच आहे तो."

"आपला आहे म्हणून तर भीती."

भावाने वाटणी मनात केव्हाच करून ठेवली आहे. "ताईला काय, मागची खोली पुरे." मागच्या खोलीला खिडकी नाही, भिंतीला बारमाही ओल आहे, आणि ताईने नको म्हटले की तो हसून "बघ, तूच नको म्हणालीस" म्हणणार.

सबब पुढीलप्रमाणे व्हावे. छावणीत आम्हा सहा जणांत एक पाव मिळे. नकाशावरचा माणूस म्हणून कापायचे काम माझ्याकडे आले. नियम एकच : जो कापेल त्याने शेवटी उचलावे. विमानात माझा एखादा अंश इकडेतिकडे होत असे. पावात कधीच झाला नाही. न्यायाला सज्जन माणूस लागत नाही, शेवटी उचलणारा भुकेला पुरतो.

तरी घराचे दोन भाग भावानेच पाडावेत. नळ, जिना, रस्त्याकडच्या खिडक्या कुठल्या भागात घालायच्या, हे त्यानेच खडूने आखावे. मग बहिणीने आधी निवडावे. तिने मायेने मागची खोली मागितली तर ती निवड रद्द समजावी व तिच्यासाठी माझ्या विमानातल्या आणि छावणीतल्या वायरलेसवाल्या मित्राने निवडावे. तो उपाशी राहिलेला आहे, त्याला मोठा तुकडा ओळखता येतो. माझ्यामागे महिन्याभरात भावाने रेघ मारली नाही, तर संपूर्ण घर बहिणीचे.

हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. वायरलेसवाला म्हणाला, "तो खडू घेऊन आठ दिवस रडेल रे!" शेजारचे शिंपी म्हणाले, "मोजायला फीत माझी देतो."

साक्षीदार : १) वायरलेसवाला (सही) २) शिंपी (सही)
लिहून ठेवणार : मास्तर (सही, उताराची)
स्थळ : हेच घर, पुढची खोली. तारीख : सात, शनिवार, महिना व साल शिक्क्यावर आहे.

सहीनंतरचे. छावणीत बहिणीने मला लोकरीचे हातमोजे पाठवले होते. त्यासाठी तिने आपला एकुलता एक स्वेटर उसवला होता, हे मला परवा शिंप्यांच्या बायकोकडून कळले. आज हिरवी लोकर आणून तिच्या उशाशी ठेवली आहे. हे मृत्युपत्रात धरू नये. हे दिलेले आहे.