सोवळ्यातला पालक

लातूर, ४ मार्च १९८३
आज पालकाच्या भाजीत जाळे निघाले. केस नव्हे, खडा नव्हे, जाळे. बोटाने ओढले तर लांबत गेले. ज्या जिभेने सकाळी संध्येचे मंत्र म्हणतो तिची ही विटंबना कुठेतरी नोंदली जावी, म्हणून लिहून ठेवतो.

सिंधु म्हणाली, निवडताना डोळ्यांपुढे अंधारी आली, राहिले असेल. डॉक्टर म्हणतात हिच्या अंगात रक्तच नाही. आधी रोज पालेभाजी, रक्त वाढले की मग पोटाचे ऑपरेशन. या दुष्काळात मंडईत पालेभाजी औषधालाही नाही. म्हणून परसातले हे दोन वाफे. बायकोचे रक्त माझ्या देखरेखीखाली आहे.

५ मार्च, सकाळी
निदान केले. पाने पिवळट, सुईने टोचल्यासारखी ठिपकेदार. मावा. शेतीची वार्तापत्रे लिहिणाऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही. मोठ्या वाफ्यावर गॅमेक्सिन पावडर सढळ हाताने धुरळली.

१२ मार्च
मावा मेला असावा. पालकही त्याच वाटेवर. सिंधुला सांगितले, बरे होण्याआधी रोगी असाच मलूल होतो.

१४ मार्च
कोऱ्या कागदावर पान झटकले. लाल ठिपके पडले. शाई समजून पुसणार, तो ते चालू लागले. चिरडले तर तांबडी रेघ. पानामागे सगळी वसाहत, जाळ्यांसकट. शी! हात धुतले, पुन्हा धुतले, तरी मनगटावर काहीतरी चालतेच आहे. चहा गेला नाही. नाव ठेवले: सूक्ष्मरक्तलूता. निम्मे काम झाले.

१५ मार्च
जिल्हा नवा, कृषी कार्यालय नवे, खुर्च्या यायच्या आहेत. साहेब उभ्यानेच बोलले. हा मावा नव्हे, लाल कोळी. ऊन आणि धूळ असली की माजतो. तुमच्या पावडरीने तो मरत नाही, त्याला खाणारे किडे मात्र मरतात. पावडर पडलेला पालक खायचा नाही, उपटून टाका. दुसऱ्या वाफ्यातली पाने खालच्या बाजूने पाण्याने धूत राहा.
मी संस्कृत नाव सांगितले. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावले.

१६ मार्च
मोठा वाफा उपटला. लहान वाफ्याचे धुणे सुरू. सिंधु म्हणाली, आंघोळीचे पाणी परातीत साठते, तेच वापरू. निक्षून सांगितले, आमच्या घरात ओवळे पाणी खायच्या पानावर पडणार नाही. टँकरचेच हवे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० मार्च
पिचकारीने कोळी वाहून जातात. किळस आणि विजय एकाच वेळी. सिंधु टँकरवरून एक घागर जास्त आणते. मी गेलो असतो, पण टँकर नेमका बातम्या पाठवायच्या वेळी येतो.

शेजारच्या गुरम्मा, गुरुबसप्पा भुसारवाल्यांच्या घरच्या, भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, पालकाला सोवळं न् वहिनीला घागरी. लई चांगला धर्म हाय तुमचा."

त्या आपल्या चुक्याला आंघोळीचेच पाणी घालतात. चुका हिरवागार आहे. जमिनीचा गुण असावा.

२ एप्रिल
नवी पाने स्वच्छ. जाळे नाही. उद्या पहिली खुडणी. ‘नूतन जिल्ह्यात कोळ्यांवर मात’ हा मथळा तयार ठेवला.

३ एप्रिल
टँकरपाशी सिंधु खाली बसली ती उठेना. गुरम्मांनी तिला धरून घरी आणले, घागर आपल्या डोक्यावर घेतली. टेकल्या टेकल्या सिंधु मला म्हणाली, "आधी पानं धुऊन घ्या, ऊन चढेल."

डॉक्टर येऊन गेले. रक्त आणखी उतरले आहे, ऑपरेशन इतक्यात नाही. ओझे कोण उचलायला लावते, विचारत होते. मी खिडकीबाहेर पाहिले.

पालक खुडून शिजवला. मला जमला तसा. तिने दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. आता झोपली आहे. श्वास मोठ्याने येतो. मध्येच थांबतो, तेव्हा मी उठून जवळ जातो.

कोळी गेले काय, राहिले काय. सिंधु वाचते की नाही, याची भीती वाटते.