निळ्या सदऱ्यावरची पैज

२९ जून

मॅच पावसानं थांबली आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रिमोट दाबता दाबता सायकलची शर्यत लावली. परदेशातली कुठली तरी, मागच्या वर्षीची. एक गडी सुटला. मिनिटभरानं दुसरा. जो तो एकटाच! मला वाटलं आता बदलतील. कशाचं! मांडी घालून बसले. म्हणाले, "साधना, हा तर आपला शंकरपट हाय!"

खरंच की. पटात बैलजोडी सुटते, पंच घड्याळ धरतो, ज्याला वेळ कमी लागला त्याचा नंबर. इथं बैलाच्या जागी माणूस. मामंजी जन्मभर पटात जोड्या हाकत आले. गुडघा मोडल्यापासून नुसते बघतात आणि दुसऱ्याच्या चुका काढतात. आज त्या गोऱ्या पोरांच्याही काढल्या.

२ जुलै

अण्णा आले सेनगावहून. माझे वडील. एरवी जीपमधून उतरले की आधी गोठ्यात, मग घरात. आज गोठ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

जोडीतला तुफान मामंजींचा, हौश्या अण्णांचा. दोन व्याही, एकेक बैल, मिळून जोडी. गावाला केवढं कौतुक होतं! फेब्रुवारीतल्या पटात दुसरा नंबर आला आणि तिथंच माशी शिंकली. मामंजी म्हणतात हौश्या सुटताना बिचकला. अण्णा म्हणतात तुफान शेवटाला ढिला पडला. बैल आपापल्या गावात मजेत चारा खाऊन राहिलेत. भांडण यांचंच.

चहा झाला. मामंजींनी सायकलचं सांगितलं. माझे मिस्टर, दिपक, यांनी मोबाईलवर बघितलं — या वर्षीची शर्यत शनिवारपासून आणि दहा तारखेला घड्याळाचा दिवस, म्हणजे एकेकानं सुटायचा. बास! मामंजींनी मागच्या वर्षी जिंकलेला लांब पायांचा गडी धरला. लंबू. अण्णा म्हणाले, पिवळा सदरा जो घालील तो माझा, सगळ्या दिवसांत मिळून पुढं असल्याबिगर पिवळा मिळत न्हाई. आवाज चढले. मी भाकरी टाकत होते. बाहेर आले तोवर पैज लागलीसुद्धा. त्या दिवशी ज्याचा गडी पुढं, त्याचे दोन्ही बैल! वरून अण्णा म्हणाले, हरलो तर माझा बैल बांधलेल्या दारात पाय ठेवनार न्हाई. मामंजी म्हणाले, मी हरलो तर तुमचं आमचं येणं-जाणं बंद, सून बी जानार न्हाई.

शेजारच्या जळबा काकांना बोलावून पंच केलं. सगळ्या पटांत घड्याळ तेच धरतात. त्यांच्यासमोर बोललेला शब्द कोणी फिरवत न्हाई.

३ जुलै

कोणीही जिंको, एक तर अण्णांचं येणं बंद, न्हाईतर माझं जाणं बंद. एवढं दोघांच्या डोक्यात येऊ नये? रात्रभर चडफडले. सासूबाईंना म्हटलं तुमी तरी बोला. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं बोलून बघितलं, आता तू बघ.

हौश्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली. माझं लग्न व्हायचं होतं. मी बाटलीनं दूध पाजून वाढवलाय त्याला. त्याच्यावरून माझंच माहेर तुटायचं!

५ जुलै

शर्यत सुरू. मामंजी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर. सोयाबीनची कोळपणी राहिली. दिपक एकटेच करून राहिले, आपल्या जीपच्या फेऱ्या सोडून.

१० जुलै

सगळं लिहून ठेवते.

दुपारी चारलाच अण्णा हजर. जळबा काका पांढरा सदरा घालून, स्वतःचं घड्याळ घेऊन. टीव्हीच्या घड्याळावर त्यांचा भरोसा न्हाई. यात मागं पडलेले आधी सुटतात आणि पुढचे सगळ्यात शेवटी, म्हणजे लंबू आणि पिवळा रात्री आठनंतर. तोवर चहा, चिवडा, परत चहा. माझा संताप संताप झाला.

मी तिथंच उभी राहून म्हटलं, "जळबा काका, तिसरी पैज माझी. आता जो निळ्या सदऱ्याचा सुटून राहिला, तो माझा." निळाच काहून? काही न्हाई. मला सहाला धार काढायची होती. तोवर ज्याचं होऊन जाईल तो धरला.

अण्णा हसले. तू काय लावतेस, तुझा बैल कुठाय? म्हटलं, "हरले तर जन्मात तुमच्या भांडणात तोंड उघडनार न्हाई." दोघं एकदम म्हणाले, हे बेस झालं! चार महिन्यांत पहिल्यांदाच एकमत. जळबा काकांनी मात्र विचारलं, आणि पोरगी जिंकली तर बैल तिचे, कबूल? कबूल, कबूल. हसतच.

निळ्यानं वेळ चांगला दिला. त्याचं नाव वर लागलं आणि मी बादली घेऊन गेले.

परत आले तर तिकडं पाऊस! रस्ता चकचकीत ओला. जळबा काका म्हणाले, पट निसरडा झाला, आता मागून सुटणाऱ्यांचं काही खरं न्हाई. तसंच झालं. एकेक येत होता, निळ्याच्या मागंच राहत होता. लंबू वळणावर घसरला आणि पार कठड्याला जाऊन आदळला. उठला बिचारा, लंगडत सायकल शोधू लागला. मामंजींनी स्वतःचाच गुडघा धरला. पिवळा जपून जपून वळला आणि थोडक्यात हुकला. अगदी थोडक्यात! अण्णा टीव्हीच्या पुढ्यात उभे, "हाक रं, हाक रं!" करत.

जळबा काकांनी घड्याळ खिशात टाकलं. "जोडी साधनाची."

मग सगळे हसले. मीपण. दोघं जेवले एका पंगतीत. मला वाटलं, सुटले मी.

१४ जुलै

सुटले कसली!

अण्णा परत आले. म्हणे शेवटच्या आठवड्यात आणखी एक घड्याळाचा दिवस आहे. म्हणे त्या दिवशीचं धरायचं न्हाई, पाऊस होता. मामंजी म्हणाले, पाऊस नसता तर लंबूच होता. "लंबू? तो पडला, तसाच तुमचा तुफान पडनार एक दिवस." झालं! पुन्हा तीच पैज, तेच बैल, तीच शपथ.

मी म्हटलं, बैल तर माझे आहेत. मामंजी प्रेमानंच म्हणाले, "ती मस्करी होती पोरी, तू चहा टाक."

टाकला चहा.

१५ जुलै

जळबा काकांकडं गेले. विचारलं, काका, मस्करी होती का? ते म्हणाले, "घड्याळ धरलं तिथं मस्करी नसते. बैल तुझे. ठेव, वीक, न्हाईतर ववाळून टाक."

बैल दावणीला आहेत तोवर हे दोघं पैजा लावतच राहणार. आज सायकल, उद्या आणखी काही. माझ्याकडं ठेवायचे तरी कुठं? इथं ठेवले तर अण्णा यायचे न्हाईत. तिथं ठेवले तर मला जाता यायचं न्हाई. माझं असं तिसरं घर कुठाय?

दिपकना सांगितलं, जोडी विकते. येडी झालीस काय म्हणाले. मग विचारलं, गाडी कधी लागेल?

१७ जुलै

थावरा म्हणून एक आहे, वाशीमकडच्या तांड्यावरचा. दुसऱ्यांच्या जोड्या हाकतो, स्वतःची कधी झाली न्हाई. जळबा काकांनी त्याला जोडी विकत घ्यायला बोलावलं. मी अट एकच घातली — जोडी फोडायची न्हाई.

तुफान आधी सोडला. मामंजी ओट्यावर बसून होते. मला वाटलं ओरडतील. नुसता गुडघा चोळत राहिले. सासूबाईंनी बैलाला कुंकू लावलं आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या.

मग सेनगाव. अण्णांना वाटलं मी राहायला आले. पिशवी घ्यायला हात पुढं केला त्यांनी. मागून जळबा काका उतरलेले दिसले तेव्हा समजले. म्हणाले, "बापाचा बैल विकतेस?" म्हटलं, "न्हाई अण्णा, माझा विकते." त्यांनी स्वतः दावं सोडलं. शब्दाला पक्के आहेत, एवढं खरं. दावं माझ्या हातात दिलं न्हाई, थावराच्या दिलं.

हौश्या माझ्या मागं मागं आला. गाडीत चढेना. मी आधी चढले तेव्हा चढला. मग मी उतरले.

येताना जीपमध्ये रड रड रडले. दिपकनी गाणी लावली न्हाईत.

१८ जुलै

पैसे दोन्ही घरी बराबर पोचवले. कोणी हात लावला न्हाई. मामंजी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत न्हाईत. अण्णांनी फोन उचलला न्हाई. आईनं उचलला आणि ठेवला.

चुकलं का माझं? दोन्ही दारं उघडी ठेवायची होती. दोन्ही बंद करून बसले.

२१ जुलै

कोळपणी झाली. तूर बरी आहे.

२५ जुलै

सकाळी सकाळी अण्णा आले. माझ्याशी बोलले न्हाईत. थेट मामंजींच्या बाजेवर जाऊन बसले. तेव्हापासून दोघं मिळून मला शिव्या देऊन राहिलेत. अण्णा आता जेवायलाच थांबतो म्हणतात.