मूळ पुस्तकात ती हसते

आये, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायला धजतोय. तू गेल्याला नऊ वर्षं झाली. मी बारावी नापास. शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी शिकलो आणि आता आफ्रिकेतल्या कादंबऱ्या मराठीत आणतो. मागच्या महिन्यात कर्जतच्या वाचनालयात त्यावरच बोललो. म्हटलं, तिकडच्या कितीतरी पुरुष लेखकांनी बाईच्या अंगाला पिकवायची जमीन ठरवलं, नाहीतर शाप. बायका लिहू लागल्या तेव्हा कुठे त्या अंगाला स्वतःची भूक मिळाली. टाळ्या पडल्या. दहिवलीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, "आपल्याकडे अशी बाई कुठे दिसते हो?" मी म्हटलं, "दिसू देतो कोण?" पुन्हा टाळ्या.

सध्या हाती आहे ती कादंबरी नायजेरियातल्या एका लेखिकेची. बाजारात कंद विकणारी विधवा, वय चाळीस, आवडलेल्या पुरुषाला स्वतः घरी बोलावते. मुलगा चारचौघांत तिची लाज काढतो. काल संपादकबाईंचा फोन आला. "एवढे काटेकोर तुम्ही, मग इथे ती मान खाली का घालते? मूळ पुस्तकात ती हसते." मी फणकाऱ्याने म्हटलं, "नीट वाचा." मग पुस्तक उघडलं. हसतेच. माझ्या तिन्ही खर्ड्यांत मात्र मान खाली.

ती मान तुझी होती. कशेळ्याची आपली खानावळ, दुपारची, जीपवाल्यांनी भरलेली. शिळफाट्याचा तो ड्रायव्हर कोपऱ्यात बसलाय, तू त्याला दुसऱ्यांदा भात वाढतेयस, केसांत अबोली. बाप जाऊन सहा वर्षं झालीत, मी चोवीसचा. मी त्याच्यासमोरचं ताट उचलतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "याला वाढू नको गं आये, याचं पोट भातानं भरत नाय." जीपवाले खदखदून हसले. एकानं वर जोडलं, "मंग फुलं वाढ म्हणावं!" तू डाव पातेल्यात ठेवलास, मान खाली घातलीस आणि एवढंच म्हणालीस, "जेवू दे रं त्याला. माणूस उपाशी उठतोय." तो उठला. परत आला नाही. पुढे जगलीस तितकी वर्षं तू मला रोज सगळ्यांच्या आधी वाढलंस आणि केसांत फूल घातलं नाहीस. मला ते योग्यच वाटलं. लोक म्हणायचे, पोरानं घर सांभाळलं.

आज ओळ दुरुस्त केली: ती हसते. लेखिकेनं ते हसणं दोन ओळींत मांडलंय, पोटातून येणारं, कुणाची फिकीर नसलेलं, आणि त्याला मला शब्द शोधावे लागले नाहीत. त्या दुपारी आत यायच्या आधी मी मागच्या दाराशी थांबलो होतो. त्याच्या कसल्याशा बोलण्यावर तू हसत होतीस. मी बराच वेळ ऐकलं. ऐकायला बरं वाटत होतं. मग आत आलो.