मी फक्त पार्किंगमध्ये बसलो होतो

श्रूजबरी,
मकर संक्रांत, २००६

तीर्थरूप शरयूताईस, धाकट्या मनोहरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात मला वाकायची बंदी आहे, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचं बीपी? इकडे बर्फ इतका पडलाय की मी सकाळी अर्धा तास शेजाऱ्याची गाडी साफ केली आणि मग कळलं, आपली पलीकडे आहे. सोबतच्या डब्यात लताने केलेले तिळाचे लाडू आहेत. आधी बत्त्याने फोडावेत, मग खावेत आणि गोड बोलावं. पाक पुन्हा पुढे गेलाय, पण हे मी बोललो असं तिला कळवू नकोस.

ईमेल सोडून हाताने लिहितोय, कारण माझा पासवर्ड नेत्रानेच ठरवून दिलाय आणि मजकूर तिच्याबद्दलच आहे. पोरीला रविवारच्या शाळेत बाराखडी शिकवली खरी, पण माझं अक्षर तुला अजून लागत नाही, तिथे ती काय लावणार! म्हणून पत्र बिनधास्त तिच्याच हाती देतोय. तरी पाकिटाला स्टेपल ठोकलेत.

नेत्रा फिजिशियन असिस्टंट होतेय हे तुला ठाऊकच आहे. (डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. रोगी तपासते, औषधं लिहून देते, टाके घालते. हे भावजींना फोनवर समजावलं तर म्हणाले, म्हणजे कंपाउंडर. मी ते विसरायला तयार आहे.) पहिलं वर्ष वर्गात जातं आणि नंतर काही आठवडे या दवाखान्यात, काही त्या, असं फिरत शिकायचं. त्याला रोटेशन म्हणतात. कॉलेज जागांची यादी देतं आणि मुलांनी आपला पसंतीक्रम लावायचा. आता मी पोरांच्या बाबतीत ढवळाढवळ करत नाही, हे तू जाणतेसच. मी फक्त एक एक्सेल शीट केली. त्यात आपल्या घरापासूनचं अंतर, रस्त्यावरचा बर्फ, जवळपास मराठी घर आहे का आणि असल्यास ती माणसं जेवायला वाढतात की नुसता चहा देतात, असे रकाने होते. तिथे शिकवतात कसं, असा रकाना राहून गेला असं नेत्राचं म्हणणं. अगं, पण तो मला सुचणार कसा?

शीटमध्ये पहिला आला घराजवळचा एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना. तिथे दिवाळी आली. मुलीला विद्या देणाऱ्या माणसाकडे फराळ न नेता बसायचं म्हणजे अतीच झालं, नाही का? मी आणि लता डबा घेऊन गेलो. डॉक्टर वयाने, ज्ञानाने मोठे, म्हणून मी पाया पडायला वाकलो आणि तिथेच माझी पाठ धरली! खाली वाकलेला मी वर येईना, हात छातीशी गेलेला. डॉक्टरांना वाटलं हार्ट अटॅक! ते ओरडले, मला धरून आडवं केलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मी नमस्कार, नमस्कार म्हणत होतो, तर ते म्हणाले, हा बरळतोय. धावत आली कोण, तर नेत्रा. पोरीची पहिली इमर्जन्सी म्हणजे तिचा बाप. (ईसीजी मात्र तिने काय झकास काढला! मी आडव्यानेच शाबास म्हणालो.) गोंधळ निवल्यावर डॉक्टरांनी सौजन्याने एक शंकरपाळं तोंडात टाकलं आणि त्यांची दाढ गेली. त्या दवाखान्याने पुढल्या हप्त्यात विद्यार्थी घेणं बंद केलं. योगायोग असेल.

पुढच्या रोटेशनला तिला एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये टाकलं. तिथे पाऊल टाकणार नाही अशी मी लताची शपथ घेतली होती आणि ती पाळली. मी फक्त पार्किंगमध्ये बसलो होतो. मांडीवर डबा, भरली वांगी, गरम. रोज एक माणूस गाडीत बसून दाराकडे टक लावून बघतो म्हटल्यावर सिक्युरिटीवाला आला. मी खरं ते सांगितलं. भला माणूस, दोन वांगी खाऊन गेला. पण आत जाऊन त्याने लाउडस्पीकरवर पुकारा करायला लावला की नेत्रा, तुझे वडील जेवण घेऊन आलेत. सगळं हॉस्पिटल हसलं म्हणे. नेत्रा माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि ताई, ते मला लागलं गं.

आता एकच रोटेशन उरलंय, सर्जरीचं. हेही हातचं गेलं तर मे महिन्यात तिला डिग्री नाही. माझी शीट तिने उघडलीसुद्धा नाही. श्रूजबरीपासून सगळ्यात लांबचं जे नाव होतं, ते पहिलं लिहिलं. ते निघालं तुझं गाव प्लेनो, अमेरिकेच्या पार दक्षिणेला. कॉलेजने तिला ते दिलंही. मी येणार नाही. खरंच नाही. लताने माझं लायसन्स लपवलंय.

तुझा,
मनोहर

ता. क. तिची राहायची सोय हॉस्पिटलनेच केली आहे, तू काही करू नकोस. मी काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

ता. क. २ एवढंच कर, की संध्याकाळी गाडी घेऊन हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जरा बस. आत जाऊ नकोस. ती बाहेर येईल. चेहरा उतरलेला नाही ना, तेवढं बघ आणि मला एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही. नेत्राला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३ आत्या, मी नेत्रा. स्टेपल विमानातच काढले, सॉरी. बाबांचं अक्षर मला लागतं. शाळेत रोज माझ्या लंचबॉक्समध्ये त्यांची चिठ्ठी असायची, त्यावरच मी वाचायला शिकले. रविवारच्या शाळेत नाही. तू पार्किंगमध्ये बसू नकोस प्लीज, तुझा गुडघा दुखेल. ड्यूटी संपली की मीच तुझ्याकडे पोळी खायला येईन आणि तुझ्या फोनवरून बाबांना मिस्ड कॉल देईन. ते उचलणार नाही म्हणतात, पण उचलतील. मग फोन तू घे. त्यांना सांग, तू पार्किंगमध्येच होतीस, आणि चेहरा उतरलेला नव्हता.